बूटलोडरमधला तो बाइट कोणी पुसला?

या अंकासाठी निवडलेले तिन्ही प्रश्न बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू होताच ऑपरेटिंग सिस्टिमला मेमरीत आणणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांचे आहेत आणि तिन्हींचे मूळ मेमरीत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्या वाचकाने पत्रानंतर आमच्या विनंतीवरून लिंकर मॅप (कोडमधली कोणती वस्तू मेमरीत कोणत्या पत्त्यावर आहे याची यादी) आणि काही मोजमापेही पाठवली आणि त्यामुळे केवळ तर्कावर न थांबता दोषाच्या मुळाशी जाता आले. पुढे येणारे मेमरीचे पत्ते हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर लिहिलेले आहेत. बाइटांची संख्या मात्र नेहमीच्या दशमान पद्धतीत आहे.

प्रश्न : मी शिकण्यासाठी स्वतःचा एक छोटा बूटलोडर लिहितो आहे. पहिला टप्पा ५१२ बाइटांचा असून बायोस, म्हणजे यंत्रातच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, तो ७सी०० या पत्त्यावर आणून ठेवते. हा टप्पा दुसऱ्या टप्प्याचे २४ सेक्टर (डिस्कचे प्रत्येकी ५१२ बाइटांचे तुकडे) ७ई०० पासून पुढे वाचतो आणि तिथे उडी मारतो. दुसरा टप्पा पूर्वी १६ सेक्टरांचा होता, आता वाढला आहे. त्यातला बराच भाग सी भाषेत, १६ बिटांसाठी कंपाइल केलेला आहे. सुरुवातीलाच तो एसएस शून्य आणि एसपी बी००० करून (ही स्टॅकची जागा सांगणारी रजिस्टरे) स्वतःचा स्टॅक, म्हणजे परतीचे पत्ते आणि तात्पुरत्या किमती ठेवण्याची जागा, उभा करतो, बायोसकडून मेमरीचा नकाशा (कोणती जागा मोकळी आणि कोणती राखीव याची यादी) घेतो, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, १०००० या पत्त्यावर वाचतो आणि मग आधीच तयार असलेल्या जीडीटीचा, म्हणजे मेमरीच्या विभागांचे वर्णन करणाऱ्या तक्त्याचा, पत्ता प्रोसेसरला देऊन प्रोटेक्टेड मोडमध्ये (मेमरीवर पहारा ठेवता येणाऱ्या अवस्थेत) जातो. क्यूईएमयू या इम्युलेटरमध्ये (यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) हे सारे कितीही वेळा चालवले तरी बिनचूक चालते. तीच प्रतिमा, म्हणजे बिल्डमधून निघालेली बाइटांची फाइल, पेनड्राइव्हवर घालून जुन्या लॅपटॉपवर चालवली, की प्रोटेक्टेड मोडमध्ये शिरण्याच्या क्षणी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. दहा वेळांत एखाद-दोनदा ते पुढेही जाते. बिघाड कुठे होतो हे कळावे म्हणून मी चार ठिकाणी संदेश छापले. चारही ठेवले तर चूक दिसते, दोन काढले तर दिसत नाही. शिवाय मेमरीच्या नकाशातल्या नोंदींची संख्या लॅपटॉपवर कधी कधी हजारांत येते. छापण्याचे फंक्शन मी तीनदा नव्याने लिहिले, पण उपयोग झाला नाही. आता काय तपासावे?

उत्तर : छापण्याच्या फंक्शनचा यात दोष नाही. संदेश वाढवले की चूक येते आणि कमी केले की जाते, हे पाहून संशय संदेशांवर जाणे स्वाभाविक आहे. पण या पातळीवरच्या कोडमध्ये असे वर्तन बहुधा निराळेच काही सांगत असते. कोडची लांबी बदलली, त्यामुळे मेमरीत प्रत्येक वस्तूची जागा थोडी सरकली, आणि ज्या पत्त्यावर कोणीतरी चुकून लिहीत होते तिथे आता दुसरीच वस्तू आली. लिहिणारा तोच राहिला, त्याच्या तडाख्यात सापडणारा तेवढा बदलला.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या देखरेखीखाली चालणारा प्रोग्रॅम भलत्याच पत्त्यावर लिहायला गेला, तर बहुतेक वेळा त्याला जागच्या जागी अडवले जाते. रिअल मोडमध्ये, म्हणजे प्रोसेसर सुरू होतो त्या १६ बिटांच्या अवस्थेत, असा पहारा नसतो. पहिल्या एक मेगाबाइटमध्ये कोणीही कुठेही लिहू शकतो, कोणी तक्रार करत नाही, आणि झालेली हानी तो बाइट पुढे वाचला जाईपर्यंत झाकलेली राहते. तुमचे यंत्र प्रोटेक्टेड मोडच्या दारात कोसळते याचा अर्थ तिथे काहीतरी वाचले जाते, एवढाच होतो. ते बिघडले केव्हा, याबद्दल ती जागा काहीच सांगत नाही. म्हणून ‘कुठे कोसळले’ या प्रश्नापाशी फार वेळ न रेंगाळता ‘बिघडलेल्या बाइटावर शेवटचे कोणी लिहिले’ हा प्रश्न हातात घ्यावा. आपल्या पुढच्या साऱ्या शोधाला त्याच एका प्रश्नाने दिशा दिली आहे.

सुरुवात कागदावर करावी. आमच्या मते हे काम डीबगर उघडण्याआधीचे आहे आणि ते टाळल्यामुळे जेवढे दिवस वाया जातात तेवढे दुसऱ्या कशानेही जात नाहीत. मेमरीच्या तळाशी ० ते ३एफएफ पर्यंत इंटरप्ट व्हेक्टरांचा, म्हणजे इंटरप्ट (चालू काम थांबवून ठरलेल्या फंक्शनकडे नेणारी हाक) आल्यावर कुठे जायचे त्या पत्त्यांचा, तक्ता असतो: २५६ नोंदी, प्रत्येकी ४ बाइट. त्याच्या वर ४०० ते ४एफएफ पर्यंत बायोसची स्वतःची माहिती असते. ५०० पासून ७बीएफएफ पर्यंतचे ३०,४६४ बाइट मोकळे, मग तुमचा पहिला टप्पा, आणि ७ई०० पासून दुसरा. दुसऱ्या टप्प्याचे २४ सेक्टर म्हणजे १२,२८८ बाइट, म्हणून त्याची प्रतिमा एडीएफएफ या पत्त्यावर संपते. स्टॅकचा माथा बी००० वर आहे आणि स्टॅक खालच्या दिशेने वाढतो. हा टप्पा १६ सेक्टरांचा होता तेव्हा तो ९डीएफएफ वर संपत होता आणि स्टॅकखाली ४,६०८ बाइटांची जागा होती. ८ सेक्टर वाढले, त्यातच ४,०९६ बाइट गेले आणि ५१२ उरले. कोणतीही ओळ चुकीची लिहिली गेली नाही. पूर्वी बरोबर असलेला एक आकडा, भोवतालची परिस्थिती बदलल्यामुळे चुकीचा ठरला.

प्रत्यक्षात तर ५१२ बाइटही उरलेले नव्हते. तुम्ही पाठवलेल्या लिंकर मॅपनुसार जीडीटीचे २४ बाइट एडी७० ते एडी८७ या जागेत आहेत, त्यानंतर थोडा डेटा आहे, आणि एडीए० पासून एईबीएफ पर्यंत २८८ बाइटांचा बीएसएस विभाग आहे, म्हणजे सुरुवातीची किंमत न दिलेले सगळे स्टॅटिक चल तिथे राहतात. बीएसएसचा वरचा भाग प्रतिमेच्या बाहेर, थेट स्टॅकच्या आवारात आहे. स्टॅकला खऱ्या अर्थाने मोकळी असलेली जागा एईसी० पासून बी००० पर्यंत, म्हणजे अवघे ३२० बाइट. तेवढी ओलांडली की स्टॅक आधी बीएसएस खाणार, मग डेटा, आणि ६३२ बाइटांच्या खाली उतरला की जीडीटी.

मग क्यूईएमयूमध्ये हे का दिसले नाही? बायोसचा इंटरप्ट बोलावला की तो बोलावणाऱ्याच्याच स्टॅकवर चालू होतो. त्यानंतर बायोसच्या आत किती खोल जायचे हे ते बायोस लिहिणाऱ्यांनी ठरवलेले असते. क्यूईएमयूसोबत येणारे सीबायोस आपली बरीच कामे स्वतःच्या निराळ्या स्टॅकवर नेऊन करते, त्यामुळे ते तुमच्या स्टॅकवर फारच थोडा भार टाकते. खऱ्या यंत्रातले बायोस इतके सौजन्य दाखवेलच असे नाही. त्यातच पेनड्राइव्हला डिस्क असल्यासारखे वागवायचे तर त्याला बऱ्याच फंक्शनांच्या साखळीतून जावे लागते. तुमचे ३२० बाइट एका यंत्रात पुरत होते आणि दुसऱ्यात पुरत नव्हते.

इथवर हा तर्क होता. तो मोजून पाहता येतो म्हणून आम्ही तुम्हाला स्टॅक रंगवायला सांगितले. ही जुनी पण अत्यंत भरवशाची युक्ती आहे: मोकळ्या जागेत ओळखू येईल असा एकच बाइट सगळीकडे भरायचा, स्टॅक त्या जागेच्या माथ्याशी ठेवायचा, काम पूर्ण होऊ द्यायचे आणि मग तळाकडून वर येत पहिला बदललेला बाइट कुठे सापडतो ते पाहायचे. इथे एक पथ्य आहे. स्टॅक सध्या जिथे आहे तिथेच हे करायला गेलात तर रंग तुमच्या स्वतःच्या कोडवरच चढेल. म्हणून मोजण्यापुरता स्टॅक ७सी०० वर नेऊन त्याखालची जागा रंगवावी लागते. तुम्ही तसे केलेत आणि आकडे असे आले: क्यूईएमयूमध्ये जास्तीत जास्त खोली २०८ बाइट, लॅपटॉपवर ६८८ बाइट. बी००० मधून ६८८ वजा केले की एडी५० येतो. जीडीटी एडी७० पासून सुरू होते. ती पूर्णपणे या पट्ट्यात सापडते.

आता उरलेली लक्षणे जुळवून पाहा. इंटरप्ट संपला की एसपी पुन्हा वर येतो, पण खाली उतरताना जे लिहिले ते तसेच राहते. बायोस आपले काम बिनचूक करून परत येते आणि मागे जीडीटीच्या जागी परतीचे पत्ते आणि रजिस्टरांच्या जुन्या किमती सोडते. प्रोटेक्टेड मोडमध्ये शिरताना प्रोसेसर सीएससाठी (चालू कोडचा विभाग सांगणाऱ्या रजिस्टरसाठी) एडी७८ वरची नोंद वाचतो, ती निरर्थक निघाली की अपवाद उद्भवतो, अपवाद हाताळणारा तक्ता अजून तयार नसल्याने दुसरा आणि तिसरा अपवाद होतो, आणि यंत्र रीसेट होते. तुम्हाला दिसलेली आपोआप पुन्हा सुरू होण्याची क्रिया हीच. दोन संदेश काढल्यावर मॅपमध्ये जीडीटी ११२ बाइटांनी खाली, एडी०० ते एडी१७ मध्ये गेलेली दिसते. स्टॅक एडी५० पर्यंतच पोचत असल्यामुळे ती वाचते. त्या वेळीही स्टॅक काहीतरी खात होताच, फक्त ज्याची पुढे गरज पडली नाही असे काहीतरी खात होता.

दहा वेळांत एखाद-दोनदा यंत्र पुढे का जाते, याचे संभाव्य कारण घड्याळाच्या इंटरप्टमध्ये आहे. तो सेकंदाला सुमारे १८.२ वेळा येतो आणि त्या क्षणी जो स्टॅक चालू असेल त्यावरच स्वार होतो. कर्नल वाचण्याच्या वेळात असे बरेच ठोके पडतात. एखादा ठोका बायोस सर्वांत खोल असतानाच पडला की खोली वाढते, न पडला तर जीडीटी थोडक्यात बचावते. कधी येणारी आणि कधी न येणारी चूक दिसली की खोलीला वेळेची जोड मिळाली आहे का, हे अवश्य पाहावे.

नोंदींच्या संख्येचा घोळ मात्र केवळ स्टॅकचा नाही, तिथे दुसरी चूक दडलेली आहे आणि ती स्टॅक हलवल्यानंतरही राहिली असती. सपाट बायनरी फाइल बनवताना बीएसएसचे बाइट फाइलमध्ये लिहिले जात नाहीत. ते शून्य करणे हे लोडरचे काम असते आणि इथे लोडर तुम्हीच आहात. क्यूईएमयू सुरू होताना मेमरी शून्यांनी भरलेली असते, म्हणून न केलेले काम केल्यासारखे दिसते. लॅपटॉपमध्ये त्याच जागी आधीचे काहीही पडलेले असते. तुम्ही पुढच्या चिठ्ठीत विचारले होते की काही स्टॅटिक चल लॅपटॉपवरही शून्यच कसे निघतात. त्याचे उत्तर मॅपमध्ये आहे. प्रतिमा पूर्ण सेक्टरांत बसवण्यासाठी शेवटी शून्ये भरली गेली आणि ती एडीएफएफ पर्यंत गेली, त्यामुळे बीएसएसचे पहिले ९६ बाइट योगायोगाने शून्य झाले. नोंदी मोजणारा चल त्या ९६ बाइटांच्या पलीकडे पडतो. असे योगायोग फार घातक असतात, कारण ‘माझे स्टॅटिक चल शून्यापासूनच सुरू होतात’ असा अनुभवसिद्ध पण खोटा विश्वास ते निर्माण करतात.

एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. मोजण्यासाठी स्टॅक हलवताच लॅपटॉपवरची चूक नाहीशी झाली, असे तुम्ही कळवले. नुसत्या नाहीशा होण्यावर समाधान मानू नका. दोन संदेश काढल्यावरही ती नाहीशी झालीच होती. दोष समजला असे तेव्हा म्हणावे, जेव्हा तो आपल्या इच्छेने परत आणता येतो. इथे ते शक्य आहे. क्यूईएमयूमध्ये स्टॅक २०८ बाइटच खोल जातो, म्हणून तिथे एसपी बी००० ऐवजी मुद्दाम एई४० ठेवा. तो बरोबर एडी७० पर्यंत उतरेल. यात बीएसएसमधले चलही बिघडतील, म्हणून या प्रयोगापुरता मेमरीच्या नकाशाचा भाग वगळा. आता क्यूईएमयू थांबलेल्या अवस्थेत सुरू करा, १२३४ या पोर्टवर जीडीबी हा डीबगर जोडा आणि एडी७८ या पत्त्यावर वॉचपॉइंट, म्हणजे तिथे लिहिले जाताच थांबवणारा पहारा, लावा. पहिल्या टप्प्याने प्रतिमा वाचताना तो एकदा थांबेल, ते योग्यच आहे. त्यानंतर तो जिथे थांबेल तो तुमचा गुन्हेगार क्षण. थांबल्यावर सीएस अवश्य पाहा, कारण जीडीबी रिअल मोडमध्ये सेगमेंट हिशेबात धरत नाही आणि नुसता आयपी (सूचनेची त्या सेगमेंटमधली जागा) पाहिला तर आपण भलत्याच जागी आहोत असा समज होतो. सीएसला १६ ने गुणून त्यात आयपी मिळवला की खरा पत्ता मिळतो. तो बायोसच्या प्रदेशात, एफ०००० च्या वर निघाला तर दचकू नका. बायोस निर्दोष आहे, त्याला जागा अपुरी दिली गेली होती.

खऱ्या यंत्रातही असाच पहारा बसवता येतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. ८०३८६ पासून पुढच्या प्रोसेसरांत चार पत्त्यांवर नजर ठेवणारी डीबग रजिस्टरे असतात आणि ती रिअल मोडमध्येही चालतात. डीआर० मध्ये एडी७८ भरावा, डीआर७ मध्ये डी०००१ ही किंमत भरावी, म्हणजे त्या ४ बाइटांपैकी कुठेही लिहिले जाताच इंटरप्ट १ येतो. त्या इंटरप्टसाठी आपला छोटा हँडलर बसवून स्टॅकवरचे सीएस आणि आयपी पडद्यावर छापले की काम झाले. हा अपवाद लिहून झाल्यानंतर येतो, म्हणून दिसणारा पत्ता पुढच्या सूचनेचा असतो. या पहाऱ्याला प्रोसेसरने केलेले लिखाणच दिसते. बाइट बदलला पण हँडलर गप्प राहिला, तर एखाद्या उपकरणाने डीएमएद्वारे थेट मेमरीत लिहिले असण्याचा संशय घ्यावा.

दुरुस्ती छोटी आहे. एसएस शून्य आणि एसपी ७सी०० ठेवा. स्टॅक खाली वाढत असल्यामुळे पहिल्या टप्प्याला धक्का लागत नाही आणि ५०० पर्यंत जवळजवळ ३० किलोबाइट मिळतात. एसएस भरल्यावर लगेच पुढच्याच सूचनेत एसपी भरा, कारण एसएस भरल्यानंतरच्या एकाच सूचनेपुरते प्रोसेसर इंटरप्ट रोखून धरतो. सी कोडमध्ये पाऊल टाकण्याआधी, लिंकरने दिलेल्या सुरुवात आणि शेवट या दोन चिन्हांमधला बीएसएस शून्य करा. सेक्टरांची संख्या हाताने लिहू नका, ती बिल्डमध्ये मोजली जाऊ द्या. आणि लिंकर स्क्रिप्टमध्ये, दुसरा टप्पा बीएसएससह ठरलेल्या पत्त्याच्या वर गेला तर बिल्डच थांबेल अशी अट घाला. पुढेमागे स्टॅक ६४० किलोबाइटच्या टोकाशी न्यावासा वाटला तर तिथे बायोसची वाढीव माहिती असते हे ध्यानात असू द्या. ती अनेकदा ९एफसी०० पासून असते, पण प्रत्येक यंत्रात तिचा आकार तोच असत नाही, म्हणून मोकळी मेमरी किती आहे हे इंटरप्ट १२ ला, म्हणजे हेक्समधल्या १२ ला, विचारूनच ठरवावे.

आणखी एक सवय लावून घ्यावी असे आम्हाला मनापासून वाटते. इम्युलेटरमध्ये चाचणी करताना पहिल्याच टप्प्यात वापरायची सगळी मोकळी मेमरी सीसी या बाइटाने भरून टाका. शून्याच्या भरवशावर उभा असलेला प्रत्येक चल त्याच क्षणी उघडा पडतो, आणि प्रोसेसर चुकून त्या जागेत शिरला तर ती इंटरप्ट ३ ची सूचना असल्यामुळे तेही कळते.

प्रश्न : माझा कर्नल ६० किलोबाइटचा होता तोवर चालत होता. तो ७० किलोबाइटचा झाल्यापासून पहिल्याच सूचनेपासून वेड्यासारखा वागतो. मी तो इंटरप्ट १३ च्या (हेक्समधल्या १३ च्या), म्हणजे बायोसच्या डिस्क वाचण्याच्या जुन्या पद्धतीने एकेक सेक्टर वाचतो. कुठे वाचायचे ते ईएस आणि बीएक्स ही रजिस्टरे सांगतात; ईएस हेक्स १००० ठेवून बीएक्समध्ये दर सेक्टरला ५१२ मिळवत जातो. डिस्कवरून वाचताना एकही चूक नोंदली जात नाही. फाइल डिस्कवर खराब झाली असेल का?

उत्तर : फाइल चांगली आहे आणि वाचनही बरोबर झाले आहे, वाचलेले सेक्टर चुकीच्या जागी पडले आहेत. बीएक्स १६ बिटांचे आहे, म्हणून १२८ सेक्टर वाचून झाले की ते ६५,५३६ वर न जाता शून्यावर येते. तुमच्या ७० किलोबाइटचे १४० सेक्टर होतात, त्यांतले शेवटचे १२ सेक्टर पुन्हा १०००० या पत्त्यापासून, म्हणजे कर्नलच्या डोक्यावरच लिहिले गेले. म्हणून बिघाड शेवटी न दिसता पहिल्याच सूचनेला दिसतो. बीएक्स शून्यच ठेवून दर सेक्टरला ईएसमध्ये हेक्स २० मिळवत गेलात तर हा प्रश्न उरत नाही. सेगमेंटचा एक एकक १६ बाइटांचा असतो आणि ३२ एकक म्हणजे ५१२ बाइट. फ्लॉपीवरून अनेक सेक्टर एकदम वाचणार असाल तर डीएमएची ६४ किलोबाइटची सीमा एका वाचनात ओलांडू नये याचीही काळजी घ्यावी, नाही तर बायोस ०९ ही चूक परत देते.

आम्ही हे न सांगताही तुम्हाला ते सापडले असते, आणि ती पद्धत या एका चुकीपेक्षा अधिक उपयोगाची आहे. उडी मारण्याच्या क्षणी क्यूईएमयू थांबवून मॉनिटरमधून कर्नलची मेमरी फाइलमध्ये उतरवून घ्या आणि मूळ फाइलशी ताडून पाहा. फरक कुठे सुरू होतो एवढे पाहून थांबू नका. जे चुकीचे बाइट दिसतात ते मूळ फाइलमध्ये इतरत्र कुठे सापडतात का, ते शोधा. इथे ते बरोबर ६५,५३६ व्या स्थानापासून सापडले असते आणि तो आकडाच कारण बोलून दाखवतो. चुकीचे बाइट बहुधा कुठून तरी आलेले असतात. ते स्टॅकवरच्या पत्त्यांसारखे दिसतात, पडद्यावरच्या अक्षरांसारखे दिसतात, की आपल्याच फाइलच्या एखाद्या तुकड्यासारखे दिसतात, यावरून लिहिणाऱ्याची ओळख पटते.

प्रश्न : ही जुनी दुखणी नकोत म्हणून मी बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआयवर आलो. फर्मवेअरकडून (यंत्रातच बसवलेल्या त्या प्रोग्रॅमकडून) मेमरीचा नकाशा घेऊन छापतो तेव्हा पहिली ओळ बरोबर येते, पुढच्या पाच ओळी निरर्थक येतात, सातवी बरोबर दिसते, पुन्हा पाच निरर्थक आणि तेरावी बरोबर. फर्मवेअरमध्ये दोष आहे का?

उत्तर : निरीक्षण इतके नेमके आहे की उत्तर त्यातच आले आहे. दर सहा ओळींनी गाडी रुळावर येते, म्हणजे दोन वेगवेगळ्या लांबीची पावले एकमेकांना मधूनमधून गाठत आहेत. हेडर फाइलमधल्या व्याख्येनुसार नकाशाच्या एका नोंदीचा आकार ४० बाइट होतो आणि तुम्ही पॉइंटर एकाने वाढवता तेव्हा तो ४० बाइटच पुढे जातो. फर्मवेअरने मात्र नोंदी ४८ बाइटांच्या अंतराने मांडल्या आहेत. तुमची ६ पावले म्हणजे २४० बाइट, फर्मवेअरची ५ पावले म्हणजेही २४० बाइट. म्हणून तुमची सातवी ओळ ही खरी सहावी नोंद आहे आणि तेरावी ही खरी अकरावी. फर्मवेअरचा यात दोष नाही. व्याख्येत पुढे भर घालता यावी म्हणून नोंदीचा आकार नकाशासोबतच वेगळा कळवला जातो, आणि पॉइंटर तेवढ्याच बाइटांनी पुढे न्यायचा असतो. पॉइंटर बाइटाच्या प्रकारचा करून त्यात तो आकार मिळवा.

हे सुधारल्यावर पुढचा अडथळा लगेच भेटण्याची शक्यता आहे, म्हणून तोही सांगून ठेवतो. नकाशासोबत मिळणारी किल्ली ही त्या क्षणाच्या नकाशाची असते. नकाशा घेतल्यानंतर आणि बूट सेवा (कर्नलच्या हाती यंत्र जाईपर्यंत फर्मवेअर देते त्या सोयी) बंद करण्याआधी तुम्ही मेमरी मागितलीत, किंवा पडद्यावर काही छापलेत आणि ते छापताना फर्मवेअरने आतल्या आत मेमरी घेतली, तर किल्ली शिळी होते आणि बूट सेवा बंद करण्याची विनंती चुकीचा पॅरामीटर म्हणून नाकारली जाते. म्हणून छापण्याचे काम आधी उरकावे, नकाशासाठीचा बफर गरजेपेक्षा काही नोंदी जास्त मावतील एवढा आधीच घेऊन ठेवावा, कारण तो बफर घेतल्यानेही नकाशात नोंदी वाढू शकतात; मग नकाशा घ्यावा आणि मध्ये काहीही न करता बूट सेवा बंद कराव्यात. तरीही नकार आलाच तर त्याच बफरमध्ये नकाशा पुन्हा घेऊन नव्या किल्लीने पुन्हा विनंती करावी.